उशीच्या खोळीतली भाकर

"अजून एक चतकोर दे गं, भिका. पोट भरलं न्हाई."

चंदाबाईला जाऊन सव्वीस वर्षं झाली. तरी दुपारी घर निवांत झालं की अंथरुणाला खिळलेल्या त्या सासूचा आवाज भिकाबाईच्या कानाशी यायचा. म्हातारी जिवंत होती तेव्हा भिकाबाई दारातूनच सांगायची, "संपल्या भाकरी." टोपलीत भाकरी असायच्या. पण म्हातारीनं कमी खाल्लं की घाण कमी काढावी लागे. तांड्यात विचारलं कुणी, तर भिकाबाई म्हणायची, तिची भूकच मेली. म्हातारी वाळत वाळत गेली.

आता खाटेवर भिकाबाई होती. खुबा बदलून पंधरा दिवस झाले होते. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, झोपताना दोन पायांत उशी हवी. लेकानं, विकासनं, लाल प्लास्टिकच्या खुर्चीला तापल्या विळ्यानं भोक पाडलं. खुर्चीचे चारी पाय विटांवर चढवले, खाली राखेचं घमेलं सरकवलं आणि तो पुण्याला कामावर निघून गेला. घमेलं उचलायला उरली सून, मिना.

खुर्चीवर बसताना भिकाबाई डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटता येतात, नाक मिटता येत नाही. ओल्या पट्टीचा वास, औषधाचा वास, आणि खालून येणारा आपल्याच पोटातला वास. तिला स्वतःची शिसारी यायची. मिना घमेलं उचलायची. पदर नाकाला लावायची नाही, तोंड वाकडं करायची नाही.

"किळस येत आसंल तुला," भिकाबाई रोज म्हणायची.

"न्हाई, याडी." मिना सासूला आईसारखं याडीच म्हणायची.

हेच 'न्हाई' भिकाबाईनंही चंदाबाईला रोज सांगितलं होतं. इतक्याच गोड आवाजात.

दुसऱ्या दिवशी टाके काढायला नांदेडला जायचं होतं, म्हणून मिना उशीची खोळ बदलायला आली.

"पाय हलवू नका, याडी. हाय तसाच राहू द्या."

"राहू दे ती खोळ. बरी हाय."

"बरी काय? वास मारून राहिली."

मिनानं उशी उपसली. लाल मुंग्यांची रांग चादरीवरून सरसरत सुटली. मांडीवर चढलेली, पट्टीच्या कडेला भिडलेली. मिनानं हातानंच मुंग्या झटकल्या. मग खोळीत हात घातला. बोटांना काहीतरी मऊ, बुळबुळीत लागलं. तिनं ते बाहेर काढलं. भाकरीचे तुकडे होते, हिरव्या बुरशीनं माखलेले. उकडलेली अंडी, चेंगरून काळी पडलेली. सात-आठ दिवसांचं जेवण. आंबट भपका खाटेवरून वर आला. मिनाच्या घशाशी आलं. तिनं ते तसंच गिळलं.

"मुंग्यांची पंगत बसवली व्हय हितं?"

भिकाबाई भिंतीकडे तोंड करून होती.

"तिकडं डॉक्टर म्हणून राहिले, अंगात रक्त न्हाई, जखम भरंना. आसंच राहिलं तर उद्या परत ठेवून घेतील दवाखान्यात. अन् मला वाटलं, माझ्याच हाताला चव न्हाई." मिनाचा आवाज चढला. "काल बकऱ्याच्या पायाचा रस्सा केला, त्यो बी हितंच वतला का?"

"त्यो खिडकीतून. कुत्र्यानं पेला."

"काहून पण?"

 भिकाबाई भिंतीलाच सांगावं तशी बोलली.

"खाल्लं का त्या खुर्चीवर बसावं लागतं. तुला घमेलं न्यावं लागतं. आज न्हाई म्हणतीस, उद्या कंटाळशील. मंग माझी भाकर अर्धी करशील. त्यापरीस मीच कमी करून राहिले."

"मी? भाकर अर्धी करीन? कुणी केलंय आसं कुणाचं?"

"मी केलंय. तुझ्या आजेसासूचं. सहा महिने. ती मागायची, अन् मी संपली म्हणायची."

मिना हातातली घाण तशीच धरून उभी राहिली. मघाशी खोळीकडे जसं बघितलं होतं, तसंच तिनं सासूकडे बघितलं. मग ती खोळ घेऊन मागच्या दारानं बाहेर गेली.

घरामागून ओकारीचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग हातपंपाची दांडी करकरली. पाणी बराच वेळ पडत होतं. भिकाबाईनं डोळे मिटले. वाटलं, ही आता येत नाही. आपली पोरं उचलील, माहेरची वाट धरील.

चूल पेटल्याचा धूर आत आला. थोड्या वेळानं मिना ताट घेऊन आली. गरम ज्वारीची अख्खी भाकर, वर दोन अंडी, वाटीत दूध. तिचं तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते. खाटेच्या कडेला ताट ठेवून ती उभीच राहिली. बसली नाही.

"खा."

भिकाबाईचा हात ताटाकडे गेला नाही.

"येते मला किळस," मिना म्हणाली. "पहिल्या दिवसापासून येते. तीनदा साबण लावते, तरी घास तोंडाशी नेला का वास येतो. आज तर तुमची बी आली, याडी. पण घमेलं अर्धं भरो का पुरं भरो, उचलताना तितकंच उमळून येतं. मंग पोटभर तरी खा."