दाराच्या रबराखाली

फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक.

दवाखान्याच्या खिडकीत प्लास्टरचे दात. वरचे, खालचे. न मिटलेले.

अंगाच्या साबणाची वडी, एकाच बाजूने झिजलेली.

"मला मागची सीटच नको."

लाल.

लाल गाडी दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. दोन दारांची, बुटकी, दबा धरून बसल्यासारखी. बहीण दार उघडं ठेवून आत बसली होती आणि बाजूचा आरसा जुळवत होती. अठरा वर्षं तिने शाळेची बस चालवली. मागे चाळीस पोरं, चिंगम, ओकाऱ्या, रडारड. आता दोन आठवड्यांत निवृत्ती, आणि मागे कोणी बसूच शकणार नाही अशी गाडी हवी होती. दादा हो म्हणाला तरच घेणार, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. गाड्यांचे पोचे काढून त्यांना रंग मारायचा त्याचा धंदा. तो चाकापाशी उकिडवा बसला होता. गाडी विकणारा दातांचा डॉक्टर किल्ली बोटाभोवती फिरवत होता.

"एवढी चांगली आहे तर विकता कशाला, डॉक्टर?" बहिणीने विचारलं.

"कंबर. हिच्यात बसताना वाकावं लागतं, उठताना रडावं लागतं."

"दिवसभर लोकांच्या तोंडात वाकता, तेव्हा नाही दुखत?"

"तिथेच तर सुरुवात झाली."

"दादा, नीट बघ हं. दातांचा डॉक्टर विकतोय, म्हणजे आत कीड असणार."

डॉक्टर हसला. जरा जास्त वेळ हसला. दादाला ते हसणं आवडलं नाही.

चारही टायर नवे होते, तेही आवडलं नाही. आतला व्हॅनिलाचा वास आवडला नाही. बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम.

"आधीच चालू केली होती?"

"तुम्ही येणार म्हणून धुवायला बाहेर काढली. धुऊ नये का?"

"चालकाच्या सीटबेल्टचा पट्टा बदललाय. शेजारचा विटलाय, हा कोरा."

"माझ्याकडे आली तेव्हा असाच होता. मी तिसरा मालक."

"आपटलीय कुठे?"

"नावच काढू नका. मी घेताना जाणकार माणूस आणून दाखवली होती. त्याने दाराचं रबर उचलून बघितलं. रंगाला कड नाही म्हणाला."

ही तपासणी दादाला कोणी शिकवायची गरज नव्हती. गाडी पुन्हा रंगवताना दाराच्या रबरावर चिकटपट्टी लावतात. पट्टी काढली की खाली रंगाची बारीक कड राहते. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. लपवलेला अपघात तिथे सापडतो.

त्याने बहिणीच्या कानाशेजारचं रबर उचललं आणि नख फिरवलं. गुळगुळीत.

"बघा," डॉक्टर म्हणाला.

बहिणीने स्टिअरिंगवर थाप मारली. "ठरलं मग?"

"थांब गं."

त्याने फडकं सोडलं. लोहचुंबक दारावर चिकटला. छपरावर चिकटला. पलीकडच्या खांबावर चिकटला. मग बहिणीच्या बाजूच्या खांबावर, म्हणजे छप्पर ज्याच्यावर तोललेलं असतं त्या खांबावर, त्याने तो टेकवला. लोहचुंबक घसरून तिच्या मांडीवर पडला.

पुन्हा टेकवला. पुन्हा मांडीवर.

"तेल लागलंय का त्याला?" तिने विचारलं.

दादाने खांबावर बोटाने ठोकून बघितलं. वर रंग, खाली पत्र्याऐवजी पोचे भरायची जाड पुट्टी, आणि तरीही कड नाही. पट्टीऐवजी रबराच्या कडेने ओला साबण चोळला तरच असं होतं. नंतर पाण्याने धुऊन टाकायचा, रंग मागे कसलीच खूण ठेवत नाही. ही युक्ती दादाची होती. आंघोळ करताना सुचलेली. गॅरेजमधल्या माणसांनाही त्याने ती कळू दिली नव्हती. साबण चोळायच्या वेळी तो सगळ्यांना चहाला पाठवायचा. आयुष्यात एकदाच, एकाच माणसाला, जेवताना फुशारकी मारत सांगितली होती. बहिणीला.

"काय झालं?" बहीण म्हणाली. "तोंड का उतरलं तुझं?"

छान आहे, घे, एवढं म्हणता आलं असतं. नको, भाव जास्त आहे, हेही म्हणता आलं असतं.

त्याने डॉक्टरच्या बोटातून किल्ली काढून घेतली आणि खांबावर वरून खालपर्यंत ओढली. जोर लावून. दोनदा.

"अहो! अहो, काय करताय!"

लाल रंग सोलून निघाला. त्याखालून पत्रा आला नाही. राखाडी भुगा आला आणि बहिणीच्या मांडीवर सांडला.

"घेऊ नकोस," दादा म्हणाला. "हा खांब नाहीच. नुसती पुट्टी आहे. उलटली तर छप्पर डोक्यावर येईल."

डॉक्टर वाकून बघत राहिला. कंबर धरायचं विसरला. मग सावकाश म्हणाला, "माझ्या माणसाला सापडलं नाही ते तुम्हाला बरं सापडलं. कड तर नाहीये. कसं कळलं?"

दादाने किल्ली फडक्याला पुसली. पुसतच राहिला.

बहिणीने मान वळवली नाही. मागे दंगा करणाऱ्या पोरांना ती ज्या नजरेने आरशातून बघायची, त्याच नजरेने तिने बाजूच्या आरशात बघितलं. आरशात दादा होता.

"साबण?" ती म्हणाली.

त्याने लोहचुंबकासाठी हात पुढे केला. तिने तो दिला नाही. मुठीत धरून बसली.

चार वर्षांपूर्वी ही गाडी दादाच्या गॅरेजमध्ये ओढून आणली, तेव्हा चालकाला बाहेर काढण्यासाठी त्याचा पट्टा कापलेला होता.