कप सोडताना

"पप्पा, कप फेकू नका. नुसता सोडायचा," अंकित कॅमेऱ्यामागून म्हणाला.

म्हणे नुसता सोडायचा! रमणलालांनी घोडेगावच्या बाजारात उभा जन्म कपबशा विकण्यात घालवला होता. आहुप्याच्या एसटीत गचके खात गेलेला डझन घरी अख्खा उतरावा, असं ते पेंढ्यात बांधून देत. आणि आज तेच रमणलाल स्वतःच्या गोदामात, भर दुपारी खिडकीला पोती लावून कप फोडत होते. पोटच्या पोरापुढे कुणाचं चाललंय?

पोराला वेड होतं फुटत्या वस्तूंचे फोटो काढायचं. काळोखात कप फरशीवर आपटला, की त्या आवाजासरशी फ्लॅश आपोआप उडायचा आणि उडालेले तुकडे फोटोत जागच्या जागी थांबायचे. दिसायचं मोठं देखणं, हे रमणलाल मनातल्या मनात कबूल करत. पण बापलेकांचं ठरलं होतं. पुण्याच्या प्रदर्शनात फोटो निवडला गेला, तर अंकितने फोटोग्राफी शिकायला मुंबईला जायचं. नाहीतर पाडव्यापासून मुकाट्याने गल्ल्यावर बसायचं. फोटो आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. टवके उडालेले सगळे कप फोडून झाले, तरी एकही फोटो मनासारखा आला नव्हता. पोराचं उतरलेलं तोंड बघवेना, म्हणून शेवटी रमणलालांनीच शोकेसमधला निळ्या फुलांचा कप काढला. तो विकायला त्यांचा जीव कधी झाला नव्हता.

लाइट बंद झाला. कप सुटला.

"अरे धर, धर!" रमणलाल ओरडले.

त्या ओरडण्यानेच फ्लॅश उडाला. कप मागाहून अंधारात फुटला.

अंकितने लाइट लावला. रमणलालांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मुद्दाम नाय केलं रे. तुला दुकानात अडकवायला केलं, असं नको समजू. तुझी शप्पथ!"

अंकितने कॅमेरा वडिलांपुढे धरला. फोटोत कप हवेत होता, अख्खा. त्याच्याखाली एक म्हातारा कमरेत वाकून, दोन्ही हात पसरून झेलायला झेपावला होता. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं.

"एवढा भ्यालो व्हतो मी?"

"हाच पाठवतो, पप्पा. लई भारी आलाय."

"अरे, पन यात फुटलंय कुठं काय? हा कोन निवडनार?"

"नाय निवडला, तर बसंन दुकानात," अंकित हसून म्हणाला. हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

रमणलाल फोटोतल्या त्या पसरलेल्या हातांकडे बघत राहिले. या पोराखालीही आपण इतकी वर्षं असेच हात पसरून उभे आहोत, हे त्यांना आत्ता कुठे दिसलं.

"नाय निवडला, तरी जा," ते म्हणाले.