पथ्याची खिचडी

जर्मनीत, बोब्लिंगेनला, आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दीनानाथचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. बायको-मुलं सुट्टीला पुण्याला गेलेली, आणि न्यायला कोणी आल्याशिवाय क्लिनिक घरी सोडेना. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर नुसते हात जोडलेले इमोजी पडले. शेवटी मीच जाऊन त्याला घेऊन आलो.

हाच दीनानाथ एकदा आमच्या हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो पाहून गेला होता. तेव्हापासून मंडळाच्या दिवाळीला आमच्या वाट्याला फक्त कागदी प्लेट्स आणायचं काम येतं, पदार्थ करायचं कधीच नाही.

तरी माझ्या बायकोने, नीलाने, त्याच्यासाठी रोज मुगाची खिचडी केली. डबा घासूनपुसून परत यायचा. "वहिनींच्या हाताला काय चव आहे हो, जीवनराव!" असं तो दर वेळी म्हणायचा.

नीला खूश. "बघ, बदलला की नाही माणूस!"

शनिवारी डबा द्यायला गेलो, तेव्हा दीनानाथने पोटावर हात धरून घट्ट गाठ मारलेली एक पिशवी पायाने माझ्याकडे सरकवली.

"एवढा बायोम्युलचा ओला कचरा खाली टाकाल? मला वजन उचलायला बंदी आहे. आणि सोडू नका हं, वास येतो. तशीच टाका."

पण बायोच्या डब्यात प्लॅस्टिक दिसलं की तळमजल्यावरची म्हातारी थेट इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला फोन लावते. म्हणून खाली गेल्यावर मी गाठ सोडली आणि पिशवी उपडी केली.



आतून नीलाची रोजची खिचडी पडली, डब्याचा गोल आकारसुद्धा न मोडलेली.