लक्ष्मीछाप दंतमंजन

“ही लक्ष्मी हाय? ही तं दाढदुखीनं बेजार झालेली बाई दिसते!”

जगदेवनं कागद सरळ धरून पाहिला, दूर धरून पाहिला आणि शेवटी जब्बारच्या मांडीवर टाकून दिला. कारंजा गावात जब्बार पेंटरसारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही, असं सगळेच म्हणत. बैलगाड्यांवर मोर काढावेत ते त्यानंच, आणि दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात त्याही त्यानंच. पण गडी आज इथं तर उद्या अनसिंगला. त्याला एका जागी बसवायचं म्हणजे वाऱ्याला दावं बांधायचं.

जब्बारनं शांतपणे कुंचला पुसला. “जगदेवभाऊ, मी पहिल्याच दिवशी म्हनलं होतं. बैल काढतो.”

“दंतमंजनावर बैल?”

“बैल घेताना मानूस पहिले काय पाह्यते? दातच ना? मंग! चित्र पाह्यलं का आपोआप समजते.”

“अन् बायका काय म्हनतीन? बैलाचं मंजन आलं?” जगदेवचा आवाज चढला. “मले लक्ष्मीच पायजे. चार हात, दोन हत्ती अन् हसरं तोंड. काढतो का पाहू दुसरा?”

दुसरा होता कुठं? दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं. जब्बारनं नवा कागद पुढं ओढला.

जगदेवचा जीव नुसता टांगणीला लागला होता. जिनिंगमधली कापूस तोलायची नोकरी त्यानं सोडली होती, आणि तीसुद्धा बायकोच्या भावाच्या, उकंडरावच्या, हाताखालची. निघताना उकंडराव सगळ्या मजुरांदेखत हसून म्हणाला होता, “जा, जवाईबुवा, जा. दिवाळीले परत याल, तवर तुमचा काटा पुसून ठेवतो.” ते हसणं अजून जगदेवच्या कानात खाजत होतं. काहीही होवो, त्या काट्यापाशी पुन्हा उभं राहायचं नव्हतं.

मंजन तर फक्कड जमलं होतं. बाभळीच्या सालीचा कोळसा, हिरडा, लवंग आणि वरून कापूर. पण गिऱ्हाइकाला वाचता येत नाही. ते माल ओळखणार चित्रावरून. शिवाय बाजारात लबाडही कमी नव्हते. रिकाम्या पुडीत चुलीतली राख भरून विकायला कितीसा वेळ लागतो? म्हणून जगदेवनं युक्ती काढली होती : छाप चिकटवायची ती थेट पुडीच्या तोंडावर. छाप फाटल्याशिवाय पुडी उघडणारच नाही. ही युक्ती सुचली तेव्हा तो आपल्याच अकलेवर इतका खूश झाला, की जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या चित्रात लक्ष्मी हसली, पण हत्ती डुकरासारखे झाले. तिसऱ्यात हत्ती साधले, तर एक हातच गायब. “अरे, तिचा हात कोनं नेला?” म्हणून जगदेव ओरडला. जब्बार रुसून अनसिंगला निघून गेला आणि जगदेव त्याच्यामागे अनसिंगपर्यंत गेला. एकदाची चौथी लक्ष्मी उतरली, आणि ती अशी उतरली की जगदेवनं आपसूक हात जोडले. डोळे तर थेट आपल्याकडेच पाहणारे! जब्बारनं सागवानात ठसा कोरला आणि लाल शाईत छापा निघाल्या.

जगदेवनं पहिली पुडी आपल्या बायकोला, तुळसाबाईला दिली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, पदराखाली झाकली आणि आत नेली.

बाजाराच्या दिवशी तर कमालच झाली. बायकांची झुंबड उडाली. पुडी घ्यायची, कपाळाला लावायची आणि ओटीत जपून ठेवायची. संध्याकाळी जगदेवची टोपली रिकामी. “उकंडरावा, पुस म्हना काटा!” असं तो टोपलीलाच म्हणाला.

आणि मग सगळं थांबलं.

पुढच्या बाजारात कोणी नाही. त्याच्या पुढच्या बाजारात दोन-चार नवी गिऱ्हाइकं, जुनं एकही नाही. जगदेव नव्या पुड्या मांडून माशा हाकत बसला. धनजच्या मनकर्णाबाई समोरून जाताना दिसल्या तशी त्यानं हाक मारली.

“मावशी, मंजन कसं वाटलं?”

“लई गुनाचं हाय, बाप्पा! घरात आलं अन् आमची म्हैस व्याली. पोरीचं लगन जुळलं.”

“मंग दुसरी पुडी न्या ना.”

“दुसरी कायले? एक हाय ना घरात.”

किती ही चिक्कू माणसं, चिमूट चिमूट पुरवून वापरतात! जगदेव चरफडला. तसाच उठून जब्बारकडे गेला. “तुह्या हातालेच बरकत नाई! लक्ष्मीच्या तोंडात काहीतरी खोट हाय. लोक परत येऊन नाई राह्यले.”

“मी बैल म्हनलं होतं,” जब्बार म्हणाला आणि पाटी रंगवत राहिला.

दिवाळी तोंडावर आली. परवा उकंडराव रस्त्यात भेटला होता. काटा पुसावा तसा नुसता रुमालानं हात पुसत राहिला. जगदेवला झोप लागेना. खोट चित्रात नसेल तर मालातच असणार. नव्या पुडीतलं मंजन त्यानं चाखलं, तर ते झकास. म्हणजे पहिल्याच खेपेला ओल धरली असेल. पण त्या खेपेची पुडी आता आणायची कुठून?

सकाळी तुळसाबाई मोरीपाशी दात घासत होती. बोट राखुंडीनं काळंभोर झालेलं. घरची पुडी कधीच संपली असणार, असं जगदेवला वाटलं. तरी त्यानं विचारलं, “पहिली पुडी दिली होती तुले. त्यातलं चिमूटभर तरी उरलं काय?”

“चिमूटभर काहून? सबन पुडी तशीच हाय,” ती म्हणाली आणि हनुवटीनंच कोनाड्याकडे दाखवलं.

कोनाड्यात देवांच्या ओळीत पुडी उभी होती. वर हळदकुंकू, पुढं झेंडूचं ताजं फूल. चार हात, दोन हत्ती आणि हसरं तोंड. जगदेवनं पुडी उचलली आणि छापेच्या कडेखाली अंगठ्याचं नख घातलं.

तुळसाबाईनं धावत येऊन त्याचं मनगट धरलं. “अवो, डोकं फिरलं काय? साऱ्या कारंज्यात एका बाईच्यानं लक्ष्मीचं तोंड फाडवलं नाई, अन् तुमी दात घासासाठी फाडता?”