तीनदा विसळून

तळ्याच्या पाण्यात झोपेच्या, तापाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांचे अंश सापडले, तेव्हा तळ्याकाठच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचाच रक्तदाब वाढला. उरलेली औषधं मोरीत ओतली की ती गटारातून फिरून पुन्हा आपल्याच पेल्यात येतात, हे त्यांनी अख्ख्या शहराला घसा बसेपर्यंत सांगितलं. मग प्रयोगशाळेच्या दारात एक भलीमोठी लाल पेटी ठेवली. 'जुनी औषधं इथे टाका.' पेटीतलं सगळं दर शनिवारी भट्टीत जाळायला जायचं.

लोकांनी मनावर घेतलं. पेटी काठोकाठ भरू लागली. मॅडमच्या सासूबाईंनीसुद्धा कुरकुरत का होईना, कफाच्या औषधाच्या सात अर्धवट बाटल्या काढून दिल्या.

महिन्याने पाणी तपासलं, तर औषधं दुप्पट! आणि सगळ्यात जास्त कुठे, तर प्रयोगशाळेच्याच पायरीपाशी.

मॅडम तणतणत सफाईच्या मावशींकडे गेल्या. "मावशी, पेटीतली औषधं भट्टीच्या गाडीत कोण चढवतं?"

"मीच की! पण एकही बाटली तशीच दिली नाही हां, मॅडम. आधी औषध बेसिनमध्ये ओतायचं, मग बाटली तीनदा विसळायची. गोळ्यासुद्धा गरम पाण्यात विरघळवून सोडते, उगीच पाइप तुंबायला नको."

"पण हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

 

मावशींनी बेसिनवरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. 'कोणतीही बाटली रिकामी करून तीनदा विसळल्याशिवाय बाहेर जाणार नाही.' खाली मॅडमची सही होती.