घातलेला टाका

बायको गेल्यावर महिन्याभराने तिच्या पर्समध्ये शिंप्याची पावती सापडली, म्हणून प्राध्यापक स्वतःचा कोट आणायला गेले.

शिंप्याने कोट घडी घालून पुढे केला. "वाईट वाटून घेऊ नका, सर. काळ काही जात नसतो. घातलेला टाका जागच्या जागी असतो, सुई तेवढी पुढे सरकते."

प्राध्यापक चपापले. हाच सिद्धांत मांडला म्हणून विद्यापीठाने त्यांना वेड्यात काढलं होतं आणि त्यांच्या पुस्तकाला कुत्रंही विचारत नव्हतं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाईंनी. इथे बसून येईल त्या गिऱ्हाइकाला समजवायच्या. म्हणायच्या, आमच्या ह्यांना मात्र सांगू नका. ते म्हणतात, तुला नाही कळायचं."