जावेपेक्षा मोठं मशीन

द्वारकाबाईंच्या सुनेला दिवस गेले, त्या वर्षीची ही गोष्ट. धाकटी जाऊ हिरा घरीच लॅमिनेशन करून द्यायची आणि सगळी गल्ली तिच्या दारात असायची. द्वारकाबाईंना ते बघवत नसे. होणाऱ्या नातवंडाचा सोनोग्राफीचा फोटो घेऊन तिच्या पायरीशी जाण्यापेक्षा त्यांनी आपलंच मशीन घ्यायचं ठरवलं.

दुकानात हिरा सोबत आली. "बाई, थंड लॅमिनेशनचं घ्या. गरम मशीनमध्ये असला फोटो काळा पडतो."

"म्हणजे तुझं गरम आणि माझं थंड? माझं बरं झालेलं तुला कधी बघवलंय?" असं म्हणून त्यांनी हिराच्यापेक्षा मोठं, गरमच मशीन घेतलं.

घरी येताच त्यांनी हिरासमोरच फोटो आत सरकवला. तो तव्याच्या बुडासारखा काळा होऊन बाहेर आला.

"तुझीच नजर लागली," द्वारकाबाई म्हणाल्या.

हिरा चिडली नाही. "तुमच्या बाळाचा दुसरा फोटो निघेल, बाई. माझ्या नातीचा तेवढा एकच होता, तो मीच असा काळा केला."

हिराची नात आदल्या श्रावणात, जन्माआधी, पोटातच गेली होती.